व्होडाफोनचा निकाल वाचताना आपण काय वाचत नाही

पेटची मुलाखत असो, संशोधन आराखडा असो की एम.फिल.च्या जमान्यातला एखादा जुना प्रबंध, करकायद्यावर काम करायचं म्हटलं की व्होडाफोन खटला हमखास समोर येतो. आराखड्याच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर साधारण असं एक वाक्य असतं: 'व्होडाफोननं केमन बेटांवरच्या कंपनीच्या आडून भारताचा ११ हजार कोटींचा कर बुडवला, सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला, मग सरकारनं पूर्वलक्षी कायदा केला आणि शेवटी हेगमध्ये भारत हरला.' वाक्य गुळगुळीत आहे आणि मुलाखतीत चालूनही जातं. पण नीट बघितलं तर त्यात कर कोणाचा, केमनचा उपयोग काय झाला आणि हेगमध्ये नक्की कशावर हरलो, या तिन्ही गोष्टी चुकीच्या बसवलेल्या आहेत. आज सर्वोच्च न्यायालयाचा २० जानेवारी २०१२ चा निकाल एक लेखन म्हणून वाचू या. त्यात युक्तिवाद कुठे पक्का आहे, कुठे सैल आहे, आणि आपण नेमका सैल भागच का पाठ करतो, हे बघू.

आधी व्यवहार. मुंबईत ज्यांनी मॅक्स टच, मग ऑरेंज आणि मग हच असं एकाच नंबरवर तीन नावांचं सिम वापरलं, त्यांना ही कंपनी घरचीच. हचिसन एस्सार ही भारतीय कंपनी. हाँगकाँगच्या हचिसन समूहाचा तिच्यातला पैसा १९९४ पासूनचा. समूहाची सूचिबद्ध कंपनी होती हचिसन टेलिकम्युनिकेशन्स इंटरनॅशनल. तिच्याखाली ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची एक कंपनी, तिच्याखाली केमन बेटांवरची सीजीपी नावाची कंपनी, तिच्याखाली मॉरिशसमधल्या अनेक कंपन्या, आणि अगदी तळाशी भारतातली हचिसन एस्सार. सीजीपीचा एकूण शेअर एकच, दर्शनी किंमत १ डॉलर. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीनं हा एक शेअर विकत घेण्याचा करार केला, सुमारे ११.०८ अब्ज डॉलरना. ८ मे २००७ ला व्यवहार पूर्ण झाला. भारतात एकही शेअर हलला नाही, भागधारकांच्या नोंदवहीत एक अक्षरही बदललं नाही, आणि तरी हचिसन एस्सारमधल्या ६७ टक्के आर्थिक हिताचा मालक बदलला. (ही ६७ टक्क्यांची बेरीजही सरळ नाही. सुमारे ५२ टक्के थेट आणि साखळीतल्या कंपन्यांमधून, आणि उरलेले १५ टक्के भारतीय भागीदारांच्या कंपन्यांशी केलेल्या ऑप्शन करारांमधून. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

सप्टेंबर २००७ मध्ये प्राप्तिकर खात्याची नोटीस आली. कोणाला? व्होडाफोनला.

पहिला गोंधळ इथेच आहे. नफा झाला तो विकणाऱ्याला, म्हणजे हचिसनला. कर लागू असेल तर तोही हचिसनवर. व्होडाफोन हा खरेदीदार. त्यानं पैसे मिळवले नव्हते, मोजले होते. मग नोटीस त्याला का? कारण प्राप्तिकर कायद्याचं कलम १९५. अनिवासी माणसाला भारतात करपात्र रक्कम देणाऱ्यानं आधी कर कापून घ्यायचा, म्हणजे आपला नेहमीचा टीडीएस. तो कापला नाही तर कलम २०१ खाली देणाराच कसूरदार ठरतो. खात्याचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही हचिसनला पैसे देताना कर कापायला हवा होता. पुढे व्याजासकट मागणी ११,२१८ कोटी रुपयांवर गेली. तेव्हा 'व्होडाफोननं कर बुडवला' असं लिहिण्याऐवजी 'व्होडाफोननं करकपात केली नाही' असं लिहा. ही शब्दांची कुरबूर वाटेल, पण पुढे पूर्वलक्षी कायद्याचं मोजमाप करताना हा एक शब्द सगळं फिरवतो.

दुसरा गोंधळ केमनचा. 'करांचं नंदनवन' हा शब्द दिसला की आपलं डोकं चालायचं थांबतं, सगळं आपोआप समजल्यासारखं वाटतं. पण जरा विचार करा. भारत आणि केमन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करारच नव्हता. केमनची कंपनी असल्यामुळे भारतीय कायद्याखाली कोणतीही कराराची सूट मिळत नव्हती. सूट मिळत होती ती मॉरिशसला. १९८२ च्या भारत-मॉरिशस करारानुसार मॉरिशसच्या रहिवाशानं भारतीय शेअर विकले तर भांडवली नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसचा, आणि आझादी बचाओ आंदोलन खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही वाट वैध ठरवली होती. म्हणजे हचिसननं एक पायरी खाली उतरून, मॉरिशसच्या कंपन्यांकडून हचिसन एस्सारचे शेअर थेट विकले असते, तर त्या वेळच्या कायद्यानुसार भारताला बहुधा काहीच मिळालं नसतं. निकालात या मॉरिशसच्या वाटेची चर्चा आहे. दोन वाटा होत्या, पक्षकारांनी एक निवडली, आणि ती निवडायला व्यवहाराच्या सोयीची कारणं होती, असं न्यायालय म्हणतं.

याचा अर्थ समजून घ्या. या खटल्यात केमनचं काम गुप्ततेचं नव्हतं, सवलतीचंही नव्हतं. ती फक्त एक अशी जागा होती जिथे मालकी हलवली तर भारतीय कायद्याच्या शब्दांत ती पकडता येते का, हा प्रश्न उभा राहिला. वाद कायद्याच्या वाक्याचा होता. तुमचा आराखडा 'ऑफशोअर कंपन्या आणि करचुकवेगिरी' असा असेल तर व्होडाफोन हे त्याचं चांगलं उदाहरण नाही, हे मी स्पष्टच सांगतो. 'कायद्याचा अर्थ लावणं' या विषयाचं मात्र यासारखं उदाहरण सापडणं कठीण.

आता उच्च न्यायालय. ८ सप्टेंबर २०१० चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. देवधर यांच्या खंडपीठाचा. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला म्हणून कोणी तो वाचत नाही, आणि हे संशोधक म्हणून आपलं नुकसान आहे. कारण करारात काय काय होतं याची उकल या निकालात जास्त बारकाईनं केलेली आहे. खंडपीठ म्हणतं, ११ अब्ज डॉलर एका शेअरसाठी मोजले असं म्हणणं म्हणजे कागदाकडे बघणं. पैसे कशाकशासाठी होते? नियंत्रणासाठी, स्पर्धा न करण्याच्या हमीसाठी, हच हे नाव काही काळ वापरण्यासाठी, कर्जांच्या हस्तांतरासाठी, आणि भारतीय भागीदारांबरोबरच्या त्या ऑप्शन करारांसाठी. वर लक्षात ठेवायला सांगितलेले १५ टक्के इथे येतात. यातले काही हक्क भारतात आहेत, त्यांचा भारताशी पुरेसा संबंध आहे, म्हणून खात्याला अधिकार आहे, असा निष्कर्ष. मग रकमेची वाटणी कशी करायची? ते करनिर्धारण अधिकाऱ्यानं बघावं.

इथेच या निकालाचा पाय घसरतो. वाटणी करा म्हणणं सोपं, पण कोणत्या नियमानं? नियंत्रणाची किंमत किती आणि ब्रँडची किती, हे कोणत्या कलमाखाली ठरवायचं? कायद्यात तशी पद्धत नव्हती. खंडपीठाचं निरीक्षण अचूक आणि उपाय अधांतरी, असं माझं मत आहे. तरीही, मूल्य कुठे तयार झालं हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि वर गेल्यावर तो प्रश्न जवळजवळ हरवला, हे नोंदवायला हवं.

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती होते: सरन्यायाधीश कपाडिया, न्या. स्वतंत्र कुमार आणि न्या. राधाकृष्णन. पहिल्या दोघांचं मिळून एक मत आणि राधाकृष्णन यांचं वेगळं पण सहमतीचं मत. या निकालाचा सगळ्यात भक्कम भाग व्याकरणाचा आहे, आणि गंमत म्हणजे तोच भाग सगळ्यात कमी उद्धृत होतो. कलम ९(१)(i) म्हणतं की भारतातल्या भांडवली मत्तेच्या हस्तांतरणातून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मिळणारं उत्पन्न भारतात झालं असं मानायचं. खात्याचं म्हणणं, 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द आहेच ना, मग अप्रत्यक्ष हस्तांतरही आत येतं. न्यायालय म्हणालं, नाही. हा शब्द उत्पन्न मिळण्याला लागतो, हस्तांतरणाला नाही आणि मत्ता कुठे आहे त्यालाही नाही. हस्तांतरण हवं, भांडवली मत्ता हवी, आणि ती भारतात हवी. 'अप्रत्यक्षपणे' सगळीकडे लावला तर 'भारतातल्या' या शब्दाला काही कामच उरत नाही. शिवाय २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात अप्रत्यक्ष हस्तांतरावर कर लावायची तरतूद मुद्दाम प्रस्तावित केली होती. आधीच्याच कायद्यात ती होती तर नव्यानं कशाला लिहिली?

करून बघा: ते कलम स्वतः मराठीत उतरवा. मराठीत क्रियाविशेषण वाक्यात कुठेही सरकवता येतं आणि जिथे ठेवाल तिथे अर्थ बदलतो. 'अप्रत्यक्षपणे' हस्तांतरणाच्या आधी ठेवलात तर खातं जिंकतं, 'मिळणारं'च्या आधी ठेवलात तर कंपनी जिंकते. ११ हजार कोटींचा वाद तुमच्या वहीतल्या एका शब्दाच्या जागेवर येऊन थांबतो. व्याकरणाच्या या मुद्द्यावर माझ्या मते न्यायालय बरोबर आहे. करकायद्यात जे लिहिलेलं नाही ते वसूल करता येत नाही.

पण निकाल एवढ्यावर थांबत नाही. त्याचा मोठा भाग दुसऱ्याच कामात जातो, रचना खोटी होती का, याच्या तपासात. न्यायालय म्हणतं व्यवहाराकडे समग्र बघा, त्याचे तुकडे करू नका. इंग्लंडच्या वेस्टमिन्स्टर, रॅम्से, आपल्याकडच्या मॅक्डॉवेल आणि आझादी बचाओ या निकालांची लांबलचक सांगड घातली आहे. मग कसोट्या येतात: गुंतवणुकीत खरा सहभाग होता का, रचना किती काळ टिकली, भारतात व्यवसाय किती वर्षं चालला, इथे करपात्र महसूल तयार झाला का, बाहेर पडण्याची वेळ कोणती होती, आणि बाहेर पडल्यावर व्यवसाय चालू राहिला का. हचिसन या सगळ्या कसोट्यांवर उतरते. सीजीपी १९९८ पासूनची, पैसा १९९४ पासूनचा, आणि भारतीय व्यवसायानं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष करांत २० हजार कोटींहून अधिक भरलेले.

माझी हरकत इथे आहे, आणि ती तुम्ही खोडून काढलीत तर मला आवडेल. या कसोट्या 'गुंतवणूकदार खरा आहे का' या प्रश्नाचं उत्तर देतात. 'नफा कुठून आला' या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. हचिसन खरी होती, याबद्दल शंका नाहीच. पण मुंबई-दिल्लीचे परवाने, स्पेक्ट्रम, कोट्यवधी भारतीय ग्राहक यांमुळे त्या एका डॉलरच्या शेअरची किंमत ११ अब्ज डॉलर झाली, हेही तितकंच खरं. खरा गुंतवणूकदार भारतातून आलेला नफा भारताबाहेर मोजून घेऊ शकतो. तो खोटा असायची गरजच नाही. आणि ते २० हजार कोटी? ते चालू व्यवसायानं भरलेले कर. मालक आपला हिस्सा विकून जाताना त्याला झालेल्या नफ्याशी त्यांचं नातं काय? दुकानानं वर्षानुवर्षं जीएसटी भरला म्हणून दुकान विकणाऱ्याचा भांडवली नफा माफ होत नाही. निकालात हा आकडा चारित्र्याच्या दाखल्यासारखा वापरला आहे.

नफ्याच्या उगमाचा प्रश्न कायद्याच्या शब्दांत बसत नाही, तो संसदेनं बघावा, एवढं म्हणून थांबता आलं असतं. न्यायालय तसं म्हणतंही. पण त्याभोवती गुंतवणूकदारांना निश्चितता हवी, परकीय भांडवल सुशासनाच्या देशात येतं, अशी धोरणात्मक वाक्यं इतकी आहेत की वाचणाऱ्याला वाटतं निकाल त्यांच्या जोरावर उभा आहे. आणि मग आपण प्रबंधात तीच वाक्यं डकवतो. कारण व्याकरणाचा युक्तिवाद समजावून सांगायला दोन पानं लागतात, आणि निश्चिततेचं वाक्य एका ओळीत बसतं.

शेअर 'कुठे असतो' हा मुद्दाही असाच घाईत उरकलेला वाटतो. जिथे कंपनी नोंदलेली आणि जिथे नोंदवही, तिथे शेअर. हा नियम वारसाकरासारख्या विषयांच्या जुन्या इंग्लिश परंपरेतून आलेला आहे, जेव्हा शेअर म्हणजे कागद आणि नोंदवही म्हणजे कुठल्या तरी कचेरीतलं जाडजूड पुस्तक होतं. कायद्यात दुसरा नियम नसेल तर तोच लागणार, हे मान्य. पण तो का लागावा यावर इतक्या मोठ्या निकालात एखादं सविस्तर प्रकरण मिळायला हवं होतं.

न्या. राधाकृष्णन यांच्या मतातलं शेवटाकडचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. भांडवली नफ्याची मागणी म्हणजे भांडवली गुंतवणुकीबद्दल देहदंड, अशा आशयाचं. इंग्रजीत भांडवलाला आणि देहदंडाला एकच शब्द चालतो, म्हणून तिथे तो श्लेष आहे. मराठीत आणला की श्लेष विरघळतो आणि उरतं काय, तर 'या मागणीला कायद्याचा आधार नाही' एवढं म्हणणं, जे त्याच वाक्यात पुढे आहेच. एखादा युक्तिवाद दुसऱ्या भाषेत नेऊन बघणं ही चांगली चाचणी आहे. जे टिकतं ते युक्तिवाद, जे गळतं ते वक्तृत्व. वर्तमानपत्रांनी अर्थातच गळणारा भाग मथळ्यात घेतला.

निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, १६ मार्च २०१२ ला अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी वित्त विधेयक मांडलं. कलम ९ ला स्पष्टीकरण ५ जोडलं: परदेशी कंपनीच्या शेअरचं मूल्य मुख्यत्वे भारतातल्या मत्तेतून येत असेल तर तो शेअर भारतात आहे असं मानायचं. तेही १ एप्रिल १९६२ पासून, म्हणजे कायदा अमलात आला त्या दिवसापासून. वर एक वैधता देणारं कलम, जेणेकरून जुन्या मागण्या जिवंत राहाव्यात.

इथे तुम्हाला दोन प्रश्न वेगळे करावेच लागतील. असा कर असावा का, हा एक. तो मागे जाऊन लावावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझ्या मते हो. दुसऱ्याचं उत्तर देताना टीडीएसचा मुद्दा परत आणा. हचिसनवर मागे जाऊन कर लावणं ही एक गोष्ट. तिनं नफा कमावला होता, तो तिच्याकडे होता. पण व्होडाफोनला २०१२ मध्ये सांगणं की २००७ मध्ये पैसे देताना तुम्ही कर कापायला हवा होता, हे जे काम करणं आता शक्यच नाही ते न केल्याबद्दल दंड लावण्यासारखं आहे. पार्थसारथी शोम समितीनं त्याच वर्षी हे सरकारला सांगितलं: कर पुढे लावा, मागे लावायचाच असेल तर व्याज-दंड नको आणि खरेदीदाराला कसूरदार ठरवू नका. सरकारनं ते ऐकलं नाही. हचिसनच्या नावानं स्वतंत्र मागणी निघायला २०१७ साल उजाडलं, तीही कर, व्याज आणि दंड मिळून ३२ हजार कोटींच्या वर.

व्होडाफोन अगदी अंधारात होती असंही नाही, हे सांगायला हवं. व्यवहार पूर्ण होण्याआधी, मार्च २००७ मध्येच प्राप्तिकर खात्यानं भारतीय कंपनीकडे या व्यवहाराची माहिती मागितली होती. काहीतरी शिजतंय हे दिसत होतं. पण माहिती मागवणारं पत्र म्हणजे कायदा नव्हे.

आता हेग. भारत आणि नेदरलँड्स यांच्या १९९५ च्या गुंतवणूक संरक्षण करारानुसार व्होडाफोन लवादात गेली. २५ सप्टेंबर २०२० ला निवाडा भारताच्या विरोधात गेला. त्याचा गाभा असा: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही ही मागणी लादणं म्हणजे न्याय्य आणि समान वागणुकीच्या हमीचा भंग. भारताला अप्रत्यक्ष हस्तांतरावर कर लावताच येत नाही, असं त्याचं म्हणणं नाही. डिसेंबर २०२० मध्ये केर्नच्या प्रकरणातही भारत हरला, १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज-खर्च. ते प्रकरण जास्त झोंबलं, कारण तिथे खात्यानं केर्नचे शेअर विकून पैसे आधीच वसूल केले होते, आणि २०२१ मध्ये केर्ननं पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणण्याचा आदेश मिळवला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. २८ मे २०१२ च्या आधीच्या अप्रत्यक्ष हस्तांतरावरच्या मागण्या सोडायच्या, कंपन्यांनी खटले मागे घ्यायचे, आणि वसूल केलेले पैसे व्याजाशिवाय परत. अशी १७ प्रकरणं होती. परत द्यायच्या सुमारे ८,१०० कोटींपैकी ७,९०० कोटी एकट्या केर्नचे.

आणि स्पष्टीकरण ५? ते जागेवर आहे. २८ मे २०१२ नंतरच्या व्यवहारांना ते लागतंच. 'पूर्वलक्षी कर रद्द झाला म्हणजे अप्रत्यक्ष हस्तांतर करमुक्त झालं' असं वाक्य मी चांगल्या चांगल्या सेमिनार पेपरांत वाचलं आहे. ते चूक आहे.

आपल्याकडे या सगळ्याकडे 'भारत विरुद्ध परदेशी कंपनी' असं बघितलं जातं. त्या चष्म्यावर उतारा म्हणून युगांडा बघा. २०१० मध्ये भारती एअरटेलनं झेनचा आफ्रिकेतला व्यवसाय विकत घेतला, सुमारे १०.७ अब्ज डॉलरना. विकणारी नेदरलँड्सची कंपनी, घेणारी भारतीची नेदरलँड्समधली कंपनी, विकली ती नेदरलँड्सचीच कंपनी, आणि टॉवर व ग्राहक आफ्रिकेत. युगांडाच्या कर प्राधिकरणानं झेनला कराची मागणी पाठवली, आणि २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं प्राधिकरणाला तसा अधिकार असल्याचं म्हटलं. रचना जवळजवळ तीच, फक्त यात खरेदीदार आपला. व्होडाफोनबद्दल तुमचं जे ठाम मत आहे ते इथे लावून बघा, तसंच राहतं का.

२०२० मध्ये नाणेनिधी, ओईसीडी, संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त मंचानं ऑफशोअर अप्रत्यक्ष हस्तांतरावर एक मार्गदर्शक दस्तऐवज काढला. व्होडाफोनच्या निकालात जे हरवलं ते त्यात सापडतं: खाण, दूरसंचार परवाना यांसारख्या मत्तेतून मिळणारा जो जादा नफा त्या जागेशीच बांधलेला असतो, त्यावर त्या देशाचा हक्क का असावा, याची मांडणी. कर कसा लावायचा याचे दोन मार्गही दिलेत. एकात स्थानिक कंपनीनंच आपली मत्ता विकली असं मानून तिच्यावर कर, दुसऱ्यात परदेशी विक्रेत्यावर. भारतानं दुसरा घेतला, आणि वसुलीसाठी पुन्हा खरेदीदाराच्या टीडीएसवरच भिस्त ठेवली. पहिला का घेतला नाही, यावर मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही पुरेसं लिहिलं गेलेलं नाही असं मला वाटतं. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

आणखी एक जागा 'मुख्यत्वे' या शब्दात आहे. २०१२ मध्ये मूल्य मुख्यत्वे भारतातून येतं म्हणजे किती, हे सांगितलंच नव्हतं. २०१५ मध्ये ठरलं: भारतीय मत्तेचं मूल्य १० कोटींपेक्षा जास्त आणि एकूण मत्तेच्या किमान ५० टक्के. मधली तीन वर्षं ज्यांनी व्यवहार केले त्यांनी कोणता आकडा धरला? त्यांचे वाद न्यायाधिकरणांच्या आदेशांत सापडतात, आणि मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे आदेश संकेतस्थळावर मोफत आहेत. सुरुवात करायची तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधी २०१० चा उच्च न्यायालयाचा निकाल उघडा, आणि त्यातला कराराच्या कलमांचा भाग पेन्सिल घेऊन वाचा. कंपन्यांची उतरंड स्वतःच्या हातानं एका पानावर काढा. निकालात आकृती शोधू नका, स्वतः काढताना ऑप्शनवाले १५ टक्के कुठे ठेवायचे ते कळत नाही, आणि तुमचे प्रश्न तिथून सुरू होतात.